वनस्पतीचा अर्क बुरशीवर कसा तपासावा: घोडं अडतं ते माध्यमात मिसळताना

पाला वाटायचा, रस प्लेटमध्ये ओतायचा आणि 'बुरशी वाढली नाही' असं लिहून प्रकल्प जमा करायचा. दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की हे सुरू होतं. यातून काहीच सिद्ध होत नाही. अर्क किती होता, कशात विरघळवला होता, नुसत्या द्रावकाने बुरशीचं काय झालं असतं, एकाही प्रश्नाला उत्तर नसतं. इथे सांगतोय ती पॉइझन्ड फूड पद्धत. अर्क थेट माध्यमात, म्हणजे बुरशी वाढवायच्या अगारच्या जेलीत, मिसळायचा आणि बुरशीला त्यावरच वाढायला लावायचं. ऑटोक्लेव्ह, लॅमिनार आणि निर्जंतुक हाताळणीची तुम्हाला सवय आहे असं धरतो.

आधी बुरशी. सोलापूरकडे डाळिंबामुळे नमुन्यांना तोटा नाही, पण कृपा करून तेल्याचा डाग घेऊन येऊ नका. तेल्या झँथोमोनास या जिवाणूमुळे होतो; बुरशीच्या प्रयोगात त्याचं काय काम? फळावरच्या करप्यातून कोलेटोट्रिकम ही बुरशी वेगळी करा, नाहीतर ओळख पटलेलं कल्चर (वाढवलेली शुद्ध बुरशी) चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहाकडून मागवा. रोगाच्या ओळखीबद्दल शंका असेल तर केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. गजकर्णाची बुरशी माणसाला लागते, ती कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत वाढवायला जाऊ नका.

पाला निर्गुडीचा घेऊ. सावलीत वाळवा. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर टाकला तर दुपारपर्यंत कुरकुरीत होतो खरा, पण त्यातलं सुगंधी तेल उडून जातं. 10 ग्रॅम पूड, 100 मिली मेथनॉल, 24 तास शेकरवर, मग व्हॉटमन नंबर 1 मधून गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर 40 अंशांना आटवा. मेथनॉलचं काम फ्यूम हूडमध्येच. उरलेल्या हिरव्या-काळ्या चिकट गोळ्याचं वजन करा.

आता खरी मेख. हा गोळा पाण्यात विरघळत नाही आणि माध्यम तर बहुतेक पाणीच. मीही इथेच बराच काळ अडलो होतो. सर्रास मिळणारा सल्ला असा, की अर्क माध्यमात टाकून दोन्ही एकदमच ऑटोक्लेव्ह करा. मुळीच करू नका. 121 अंशांवर नाजूक घटक टिकत नाहीत आणि डाळिंबाच्या सालीसारखा आंबट अर्क असेल तर अगार नीट घट्टही होत नाही. प्लेट तिरकी केली की माध्यम घसरतं.

गोळा डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवा. समजा 0.5, 1 आणि 2 मिग्रॅ प्रति मिली अशा तीन मात्रा हव्यात. बहुतेक जण एकच स्टॉक (दाट द्रावण) करतात आणि त्यातून कमी-जास्त घेतात. म्हणजे अर्काबरोबर डीएमएसओही दुप्पट-चौपट होतो, आणि डीएमएसओ स्वतःच बुरशीला आवरतो. मग वाढ कमी झाली ती कशामुळे? म्हणून 50, 100 आणि 200 मिग्रॅ प्रति मिली असे तीन वेगळे स्टॉक करा आणि प्रत्येकातून 1 मिली 99 मिली माध्यमात घाला. तिन्हींत डीएमएसओ एक टक्काच राहतो. तेवढाच डीएमएसओ, पण अर्क नाही, अशी कंट्रोल (तुलनेची) प्लेट हवीच. ती नसेल तर बाकीच्या प्लेटा मोजायचे कष्टही घेऊ नका.

स्टॉक फ्रिजमधून काढून लगेच वापरू नका. डीएमएसओ साधारण 18 अंशांना गोठतो. खोलीच्या तापमानाला आणून पूर्ण पातळ होऊ द्या. माध्यम 45 ते 50 अंशांवर असताना, फ्लास्क गोल फिरवत, थेंब थेंब सोडा. त्याहून गार असेल तर अगारच्या गुठळ्या होतात. जोरात हलवलंत तर फेस येतो आणि बुडबुडे प्लेटमध्ये तसेच राहतात.

ओतलेली प्लेट दिव्यासमोर धरा. रंग सारखा दिसला पाहिजे. तळाशी बारीक हिरवे कण बसले असतील तर अर्क खाली आणि बुरशी वर, दोघांची गाठच पडत नाही. ती प्लेट बाद. पुढच्या खेपेला माध्यमात 0.1 टक्का ट्वीन 80 (तेलकट पदार्थ पाण्यात मिसळवणारा साबणासारखा पदार्थ) घाला आणि अर्थातच कंट्रोलमध्येही घाला. तरीही कण बसले तर मात्रा कमी करा.

भोक पाडून अर्क भरायची वेल पद्धत सोपी म्हणून सुचवली जाते. वनस्पतींच्या अर्कासाठी मला ती पटत नाही. तेलकट घटक अगारमधून पसरतच नाहीत, त्यामुळे भोकाभोवतीचं बुरशी न वाढलेलं वर्तुळ लहान आलं तरी अर्क कमजोर असं म्हणता येत नाही.

पुढचं सोपं आहे. ताज्या कल्चरच्या कडेची 5 मिमीची चकती मधोमध पालथी ठेवा. प्रत्येक मात्रेच्या किमान तीन प्लेटा, शिवाय साधा कंट्रोल (अर्क आणि डीएमएसओ दोन्ही नसलेला) आणि एखाद्या नेहमीच्या बुरशीनाशकाची प्लेट. 25 ते 28 अंशांवर ठेवा, आणि इनक्युबेटर गार करणारा आहे ना ते बघा. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो. सोलापुरात मे महिन्यात खोलीच 38 वर असते, तेव्हा बुरशी उन्हाळ्याने मंदावते आणि श्रेय निर्गुडीला जातं.

कंट्रोलची वाढ प्लेटच्या कडेला टेकायच्या आत मोजा. व्यास दोन दिशांनी घ्या, सरासरीतून चकतीचे 5 मिमी वजा करा. डीएमएसओ कंट्रोलच्या वाढीतून प्रयोगाची वाढ वजा, भागिले त्याच कंट्रोलची वाढ, गुणिले 100. ही झाली रोधाची टक्केवारी. 2 मिग्रॅवरही निम्मी वाढ थांबली नाही, तर त्या अर्कामागे वर्ष घालवू नका.

एखाद्या प्लेटमध्ये वाढ शून्य दिसली तर ती चकती उचलून अर्क नसलेल्या नव्या माध्यमावर ठेवा. तिथे पुन्हा वाढली, तर अर्काने तिला मारलं नव्हतं, नुसतं थोपवलं होतं. अहवालात तसंच लिहा. वापरलेल्या सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर टाकू नका. आसपास डाळिंबाच्या बागा आहेत.