बँडमधला दोस्त प्यायला लागला तर

शो संपला की गिटारिस्टभोवती गराडा पडतो आणि त्यातला एकजण म्हणतोच, "चला मालक, बसू." सोलापुरात या आग्रहाला नाही म्हणणं अवघड, गणपतीतली सुपारी असो की कॉलेजचं गॅदरिंग. म्हणून साउंडचेकलाच ठरवा, आज याला घरी कोण सोडणार. सोडणाऱ्यानं त्या रात्री प्यायची नाही.

"झोपू दे, सकाळी उतरेल" म्हणत एकटं सोडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये लंडनला गाडीत झोपलेला राहिला, तो उठलाच नाही. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बोनहॅम झोपेतच उलटी श्वासात जाऊन गेला.

तेव्हा कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड जमिनीकडे कललेलं ठेवा. पाठीला गिटारची बॅग टेकवली की उताणा होत नाही. घड्याळ लावून श्वास मोजा: मिनिटाला आठपेक्षा कमी, दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, ओठ निळसर, किंवा गदागदा हलवूनही जाग नाही, तर लगेच १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. ताक, लिंबूपाणी, कॉफी काही पाजू नका. अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जातं.

रोज पिणाऱ्याची गोष्ट वेगळी. सकाळी बारे कॉर्ड धरताना बोटं थरथरतात आणि घोटभर गेली की थांबतात, हे दिसलं तर सिद्धरामेश्वराची शपथ घालून एका दिवसात बंद करायला लावू नका. एकदम सोडल्यावर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भास आणि भ्रम. यात माणूस दगावतो. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत न्या. गल्लीतल्या दवाखान्यात "सलाइन लावा" म्हणण्याआधी हा रोज पितो हे सांगाच. ग्लुकोजबरोबर बी-१ जीवनसत्त्व दिलं नाही, तर मेंदूला इजा होऊ शकते. नशामुक्तीची मोफत हेल्पलाइन: १४४४६.

उपचार घेऊन तो बँडमध्ये परत आल्यावर प्रॅक्टिस दुपारी ठेवा, आणि जिथे बसायचात ती खोली सोडा. बिदागी रोख हातात नको, पण हे त्याला विचारून. परस्पर केलंत तर तो बँडच सोडेल. स्टेजवर त्याच्यासाठी सीलबंद पाण्याची बाटली ठेवा, कारण चाहते "पाणी" म्हणून काय देतील सांगता येत नाही.