कोशिंबिरीसोबत कोणती वाइन घ्यावी?

काकडी-गाजराच्या ताटाशेजारी रेड वाइन ठेवली की दोन्हींची चव बिघडते. रेड वाइन तुरट असते ती टॅनिन नावाच्या द्रव्यामुळे. मटणाच्या रश्श्यातली प्रथिनं आणि चरबी तो तुरटपणा मऊ करतात. कच्च्या भाजीत यातलं जवळपास काहीच नसतं, म्हणून घोट कडवट लागतो. इथे हवी थंड, आंबटसर, हलकी व्हाइट वाइन, आणि ती आपल्याकडे नाशिकला छान बनते.

१. बाटली निवडण्याआधी कोशिंबीर चाखा. वाइन ठरते ती भाजीपेक्षा त्यात पिळलेल्या लिंबावर. वाइन कोशिंबिरीइतकी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. व्हिनेगर मात्र टाळाच, त्याचा उग्र वास वाइनवर मात करतो.

२. सिमला मिरची, कोथिंबीर, काकडी अशी हिरवी चव असेल तर सोव्हिन्यॉन ब्लाँ ही व्हाइट वाइन घ्या. सिमला मिरचीचा तो ओळखीचा वास मेथॉक्सीपायराझिन या गटातल्या द्रव्यांचा असतो, आणि हीच द्रव्यं सोव्हिन्यॉन ब्लाँच्या द्राक्षातही असतात. म्हणून ही जोडी इतकी सहज जमते. सिमला मिरचीच्या पातळ चकत्या, वर मीठ आणि लिंबू, सोबत या वाइनचा एक घोट: माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. सुला या वाइन कंपनीने १९९७ मध्ये नाशकात पहिल्यांदा वाइनची द्राक्षं लावली, तेव्हा त्यात हीच जात होती आणि जोडीला शेनिन ब्लाँ.

३. शेनिन ब्लाँ राखून ठेवा खमंग काकडीसाठी. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिनमध्ये किंचित गोडवा असतो. काकडीत दाण्याचं कूट, चिमूटभर साखर आणि मिरचीची फोडणी असते. साखरेमुळे अगदी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन जास्तच आंबट वाटते, आणि मिरचीची आग अल्कोहोलने वाढते. म्हणून लेबलवर अल्कोहोलचा आकडा बघा. जितका कमी, तितकं बरं. मिरचीही नेहमीपेक्षा अर्धीच घाला.

४. मुळा आणि कांदा सगळ्यात अवघड. कांदा चिरून पंधरा मिनिटं थंड पाण्यात ठेवा, मग निथळून घ्या, उग्रपणा बराच उतरतो. सोबत कोरडी स्पार्कलिंग वाइन, लेबलवर ‘ब्रूट’ लिहिलेली. तिचे बुडबुडे तोंड स्वच्छ करतात. दह्यातल्या कोशिंबिरीलाही हीच चालते.

५. बिटाला मातकट गोडवा असतो, त्याला कोरडी रोझे, म्हणजे गुलाबी वाइन बरी.

बाटली दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. ८ ते १० अंश सेल्सिअस पुरे. बर्फासारखी गार केली तर वास दबतो, आणि या वाइनची निम्मी मजा वासातच आहे. विकत घेताना बाटलीवरचं वर्षही पाहा. नाशकात द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च या काळात तोडतात, आणि अशा हलक्या व्हाइट वाइन दोन वर्षांच्या आत प्यायलेल्या बऱ्या.

कोशिंबिरीत मीठ मात्र पानं वाढतानाच घाला. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं, लिंबाचा आंबटपणा पातळ होतो आणि पहिल्या पायरीत जुळवलेलं माप चुकतं.