नांगराचं काम पोराकडे द्या

शिडाच्या बोटीवर कुटुंबासोबत बेटं फिरताना पंधरा-सोळा वर्षांचं पोर तिसऱ्या दिवशी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलं, तर समजा त्याच्या हाताला काम नाही. काम म्हणजे भांडी विसळणं नव्हे. नांगर टाकायला शिकवा. रात्रभराची सगळ्यांची झोप त्यावर असते.

मुक्कामाला दुपारी तीनच्या आत पोचा. सूर्य वर आणि पाठीशी असेल तेव्हाच पाण्याखालचे रंग ओळखू येतात. पोराला पोलराइज्ड गॉगल लावून नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभं करा. फिकट निळं-हिरवं म्हणजे वाळू, तपकिरी-पिवळट म्हणजे उथळ प्रवाळ, काळपट ठिगळ म्हणजे गवत किंवा खडक. ढगाची सावलीही काळपटच दिसते, पण ती सरकते; मिनिटभर थांबलं की कळतं. नांगर फक्त वाळूत टाकायचा. प्रवाळात साखळी अडकते आणि प्रवाळही मोडतं. दाट गवतात टोक रुततच नाही.

साखळी किती सोडायची, हा हिशोब त्यालाच करू द्या. पाण्याची खोली ५ मीटर, पाण्यापासून नाळेची उंची १ मीटर, भरतीने वाढणारं पाणी १ मीटर: झाले ७. सगळी साखळीच असेल तर पाचपट, म्हणजे ३५ मीटर. पुढे दोर जोडलेला असेल तर सातपट. बहुतेक जण भरती विसरतात आणि मध्यरात्री नांगर घसरतो.

नाळ वाऱ्याकडे करून बोट पूर्ण थांबू द्या. नांगर तळाला टेकेपर्यंतच सोडा. मग वारा बोट मागे नेईल तशी साखळी द्या. एकदम सोडली तर तिचा ढीग नांगरावर पडतो आणि गुंता होतो. सगळी सोडून झाली की इंजिन रिव्हर्समध्ये, आधी हळू, मग अर्धा मिनिट जोरात. पोराने तळवा ताणलेल्या साखळीवर वरून अलगद ठेवावा, मुठीत धरू नये. साखळी थरथरली तर नांगर तळावरून घसरतोय: उचला, पुन्हा टाका. ताठ आणि शांत राहिली तर नांगराने धरलंय. शेवटी साखळी आणि बोट यांच्यामधे आखूड दोर बांधून ओढ विंडलासवरून, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्रावरून, काढा.

विंडलास चालू असताना केस बांधलेले, पायात बूट, बोटं लांब. नांगर उचलताना विंडलासच्या जोरावर बोट ओढू नका. सुकाणूवरच्याने इंजिनने हळूहळू पुढे यावं, विंडलासने फक्त सैल साखळी गोळा करावी. इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवा: पुढे, मागे, थांब, सोड. घरातली निम्मी भांडणं इथेच वाचतात.

बाकीचं थोडक्यात. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. खाली केबिनमध्ये स्क्रीन बघणं म्हणजे उलटीला आमंत्रण. वर बसून क्षितिजाकडे बघावं. बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, टप्प्यात डोकं कधीच नको.

नांगराने धरलं की पोराने मास्क लावून पोहत जाऊन तो रुतलाय का ते बघावं. मग किनाऱ्यावरच्या एका ओळीत येणाऱ्या दोन खुणा हेराव्यात, म्हणजे एखादं माड आणि त्यामागचा सुळका. खुणांची जोडी बोटीच्या आडव्या दिशेला हवी. वारा तोच असताना ती ओळ फुटली, तर बोट सरकतेय. वारा फिरला तर बोट नांगराभोवती कुठवर जाईल, ते वर्तुळ नकाशावर काढा. त्यात प्रवाळ येत असेल, तर उजेड आहे तोवर जागा बदला.