प्रीसेप्टर काही केल्या मिळेना, तेव्हा

मी टेक्ससमध्ये रात्रपाळीची नर्स. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं, म्हणून फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचा (एफएनपी, म्हणजे रुग्णांना स्वतः तपासून उपचार करणारी नर्स) कोर्स ऑनलाइन घेतला. पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी, शारीरिक तपासणी हे विषय रडतखडत निघाले. खरी गोची पुढे होती. २०२२च्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे प्रत्यक्ष रुग्णांसोबत किमान ७५० तास भरायचे (सिम्युलेशनचे, म्हणजे खऱ्या रुग्णाशिवायच्या सरावाचे तास त्यात धरत नाहीत), आणि आमच्याकडे प्रीसेप्टर, म्हणजे क्लिनिकमध्ये हाताखाली घेऊन शिकवणारी अनुभवी व्यक्ती, ज्याची त्यानेच शोधायची!

चाळीसेक ईमेल केले. उत्तरं दोन, दोन्ही नकार.

मग उलट्या बाजूने सुरुवात केली. विद्यापीठाचा करार आधीच कोणत्या क्लिनिकशी आहे, ती यादी मागून घेतली. नवा करार म्हणजे कागद दोन्हीकडच्या वकिलांकडे आठवडेच्या आठवडे पडून. यादीतल्या क्लिनिकमध्ये ईमेल न करता स्वतः गेले, तेही डॉक्टरांकडे नाही, ऑफिस मॅनेजरकडे. हातात एकच पान: लायसन्स, लसीकरण, हवे असलेले तास, मला जमणारे वार. सोबत घरचा चिवडाही होता, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या ठिकाणी होकार मिळाला.

एफएनपीला सगळ्या वयाचे रुग्ण बघावे लागतात, त्यामुळे एका जागेवर भागत नाही. लहान मुलं आणि स्त्री-आरोग्यासाठी होकार देणाऱ्या प्रीसेप्टर बाईंनीच दोन फोन केले.

तासांची नोंद मात्र रोज गाडीत बसूनच करते. रविवारवर ढकललं की निम्मे रुग्ण आठवतच नाहीत.