कमी जागेच्या संगणकावर शेकडो ऑडिओबुक्स: जागेचा हिशेब आणि मांडणी

ऑडिओबुकला किती जागा लागते, हे गुणाकाराने नेमकं काढता येतं. त्यासाठी फक्त बिटरेट माहीत हवा, म्हणजे आवाजाच्या दर सेकंदाला किती डेटा लागतो तो आकडा (केबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके हजार बिट्स). १२८ केबीपीएसची फाइल तासाला ५७.६ एमबी खाते, ६४ ची २८.८ आणि ३२ ची १४.४. म्हणजे १२ तासांचं एक पुस्तक १२८ वर ६९१ एमबी होतं आणि ३२ वर १७३. अशी २०० पुस्तकं धरली तर एकीकडे १३८ जीबी आणि दुसरीकडे ३५ जीबी. १२८ जीबीची म्हणून घेतलेली एसएसडी विंडोजमध्ये ११९ जीबीच दिसते (कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने) आणि त्यातला मोठा वाटा विंडोज स्वतःच घेते. तेव्हा पहिला संग्रह तिथे मावणारच नाही. दुसरा मावेल, पण ओढूनताणून.

काही मिटवण्याआधी जागा कुठे गेली आहे ते बघा. विंडोजवर विझट्री किंवा विनडरस्टॅट, लिनक्सवर एनसीडीयू हे प्रोग्रॅम ते दाखवतात. हमखास सापडतात त्या गोष्टी अशा: सीडीवरून उतरवलेल्या आणि तशाच राहिलेल्या वेव्ह फाइल्स (आवाज जराही न दाबलेला, म्हणून तासाला ६३५ एमबी!), झिप उघडल्यावर शेजारीच पडून राहिलेली झिप, आणि एकच पुस्तक दोन नावांनी दोनदा. दुसऱ्या प्रतींसाठी चकावका (Czkawka) किंवा ड्यूपगुरू चालवा. पण ही साधनं फाइलचा आशय बाइट-बाइट ताडतात तेव्हा तंतोतंत सारख्या फाइल्सच पकडतात. तेच पुस्तक वेगळ्या बिटरेटमध्ये असेल तर ते बहुधा तुम्हालाच एकूण तास जुळवून ओळखावं लागेल. एमपीथ्रीची झिप करून जागा वाचवायच्या फंदात पडू नका. ती फाइल आधीच दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असते, हाती नगण्य लागतं.

एक चोर मात्र सहसा नजरेत येत नाही, तो म्हणजे मुखपृष्ठाचं चित्र. पुस्तकाच्या ६० फाइल्स असतील आणि प्रत्येकीत १ एमबीचं चित्र चिकटवलेलं असेल, तर ६० एमबी निव्वळ त्या चित्राचे. एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅममध्ये सगळ्या फाइल्स निवडा, चित्र एकदाच फोल्डरमध्ये बाहेर काढून ठेवा आणि फाइल्समधून काढून टाका. एवढं करूनही आकार बऱ्याचदा तेवढाच राहतो. कारण टॅगची (फाइलमध्येच साठवलेली नाव, लेखक, चित्र अशी माहिती) मोकळी झालेली जागा फाइलमध्ये रिकाम्या भरावासारखी तशीच राहते. फूबार २००० या प्लेअरमध्ये उजव्या क्लिकवर युटिलिटीजखाली फाइलचा आकार किमान करण्याचा पर्याय आहे. तो चालवला की हा भराव जातो.

आता खरी बचत, म्हणजे रूपांतर. एकट्या माणसाच्या आवाजाला संगीताइतका बिटरेट लागत नाही आणि स्टिरिओ (डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्या) तर मुळीच लागत नाही, मोनो म्हणजे एकच वाहिनी पुरते. बोलण्यासाठी ओपस हा फॉरमॅट सर्वांत काटकसरी फॉरमॅट्सपैकी एक आहे: मोनोमध्ये ३२ केबीपीएस निर्धास्त, २४ बहुतेकांना पुरेसा. पण जुने कार स्टिरिओ आणि काही प्लेअर ओपस वाजवत नाहीत. तिथे ऐकायचं असेल तर ६४ चा मोनो एमपीथ्री घ्या. त्यात १२८ च्या स्टिरिओच्या निम्मी जागा लागते आणि बोलण्यात फरक जवळपास कळत नाही.

फूबारमध्ये काम असं करायचं. आधी फूबारचा मोफत एन्कोडर पॅक (वेगवेगळ्या फॉरमॅटच्या फाइल्स बनवणारी साधनं) बसवून घ्या. एका पुस्तकाच्या फाइल्स निवडा, उजवी क्लिक, कन्व्हर्ट, मग तीन टिंबांचा पर्याय. आउटपुट फॉरमॅटमध्ये ओपस निवडून बिटरेट ३२ वर आणा. प्रोसेसिंगमध्ये स्टिरिओचं मोनो करणारा डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारा घटक) जोडा. टॅग नव्या फाइलमध्ये नेण्याची खूण चालू ठेवा, चित्रं नेण्याची बंद. नव्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्येच काढा. रूपांतर चालू असताना जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रतींना जागा लागते, म्हणून एका वेळी पाच-सहा पुस्तकांपेक्षा जास्त घेऊ नका. मध्येच डिस्क भरली तर शेवटच्या फाइल्स अर्धवट राहतात.

म्हणून मूळ प्रत मिटवण्याआधी जुन्या आणि नव्या फोल्डरची एकूण वेळ ताडून बघा. ९ तास ४२ मिनिटांचं पुस्तक ९ तास १० मिनिटांचं झालं असेल तर काहीतरी तुटलं आहे. मग सुरुवात, मध्य आणि शेवट मिनिटभर ऐका, तेही हेडफोन लावून. कान ‘स’ आणि ‘श’ कडे ठेवा. बिटरेट कमी पडला की आधी हीच अक्षरं बिघडतात, पाण्याखालून आल्यासारखी बुळबुळीत होतात. आवाज एकदम पोकळ किंवा फार बारीक आला तर दोष बिटरेटचा नाही. कॅसेटवरून उतरवलेल्या काही ध्वनिमुद्रणांत डावी आणि उजवी वाहिनी एकमेकींच्या उलट असतात आणि मोनो करताना त्या एकमेकींना खोडतात. अशा वेळी दोन्ही मिसळण्याऐवजी फक्त डावी वाहिनी घ्या.

तीन गोष्टींना हात लावू नका. आधीच ६४ चा मोनो एमपीथ्री असलेलं पुस्तक: दाबलेलं पुन्हा दाबताना दर्जा दरवेळी घसरतो, आणि गेलेला परत येत नाही. (लिब्रिव्हॉक्स या मोफत ऑडिओबुक्सच्या साइटवरून उतरवताना ६४ चीच प्रत घ्या, म्हणजे रूपांतराचा प्रश्नच उरत नाही.) श्रुतिका आणि संगीत असलेली निर्मिती: तिथे स्टिरिओला अर्थ आहे. आणि प्रकरणांच्या खुणा असलेली एमफोरबी फाइल: रूपांतरात या खुणा हरवल्या तर १५ तासांच्या सलग फाइलमध्ये जागा शोधत बसावं लागतं. ऑडिबलसारख्या ॲपमधली पुस्तकं तर वेगळीच. ती ऐकून झाली की ॲपमधूनच काढून टाका, विकत घेतलेली पुन्हा हवी तेव्हा खात्यातून घेता येतात.

एवढं करूनही संगणकावर सगळा संग्रह ठेवायची गरज नसते. हातात असलेली आणि पुढची अशी दहा-बारा पुस्तकं आत, बाकी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ऑडिओला वेग लागत नाही, त्यामुळे आत तबकडी फिरणारी साधी डिस्क पुरते, एसएसडीवर पैसे घालू नका. डिस्क लावल्यावर तिचं ड्राइव्हचं अक्षर बदललं, तर प्लेअरची सगळी यादी ‘फाइल सापडत नाही’ म्हणू लागते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला इंग्रजी वर्णमालेच्या शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका. पुस्तक हलवण्याआधी कुठवर ऐकलं आहे ते टिपून ठेवा. बरेच प्लेअर ही खूण फाइलच्या पत्त्यावर ठेवतात, पत्ता बदलला की खूण गेली.

वनड्राइव्हसारखी क्लाउड सोय वापरत असाल, तर ‘जागा मोकळी करा’ आणि ‘डिलीट’ यांतला फरक नीट पाहा. पहिल्याने फाइल क्लाउडवर राहते, दुसऱ्याने दोन्हीकडून जाते. आणखी एक गंमत: प्लेअरला क्लाउडचं फोल्डर लायब्ररी म्हणून दाखवलं की तो टॅग वाचायला एकेक फाइल उघडतो, म्हणजेच ती उतरवून घेतो. मोकळी केलेली ४० जीबी रात्रीतून परत भरलेली दिसते ती अशी. प्लेअरला फक्त आतलं छोटं फोल्डर दाखवा.

नावं देताना लेखक, मग पुस्तक, मग ००१, ००२ असे तीन आकडी क्रमांक. शून्यं नसतील तर साध्या प्लेअरमध्ये १ नंतर १० वाजतं. देवनागरी नावं खुशाल द्या, पण आटोपशीर. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइट्सची मर्यादा असते आणि देवनागरीचा प्रत्येक घटक ३ बाइट्स घेतो. ‘व्यक्तिचित्रे’ डोळ्यांना चार अक्षरं, पण मात्रा आणि हलन्त धरून १३ घटक, म्हणजे ३९ बाइट्स. साधारण ८५ घटकांपुढे नाव गेलं की कॉपी अडते. विंडोजवर बऱ्याच प्रोग्रॅम्सना पूर्ण पत्त्याची २६० अक्षरांची मर्यादा नडते. एकात एक पाच फोल्डर केले की ती गाठायला वेळ लागत नाही.

कुठलं पुस्तक कुठल्या डिस्कवर आहे, याची एक स्प्रेडशीट ठेवा: लेखक, नाव, वाचून दाखवणारा, तास, फॉरमॅट, डिस्क. डिस्क कपाटात असतानाही शोध घेता येतो आणि तेच पुस्तक दुसऱ्यांदा उतरवलं जात नाही. जी पुस्तकं पुन्हा कुठून मिळणार नाहीत, म्हणजे घरच्या कॅसेट किंवा स्वतः केलेली ध्वनिमुद्रणं, त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच, तीही मूळ दर्जाची. बाकीच्यांची प्रत नसली तरी चालेल.

आणि मिटवल्यावर रिसायकल बिन रिकामी करा. बाहेरच्या हार्ड डिस्कवरही मिटवलेलं बहुधा तिच्याच लपलेल्या बिनमध्ये जागा अडवून बसलेलं असतं.