स्टॅम्प उचलताना पटकन, ठेवताना निवांत
पावसाळ्यात कोल्हापुरात ग्राफीन नायतर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा फ्लेक, म्हणजे काही अणूंएवढा पातळ पापुद्रा, पीडीएमएसच्या (एक मऊ सिलिकोन रबर) स्टॅम्पवरनं सिलिकॉनच्या चिपवर ठेवणार असशील तर भावा एक लक्षात ठेव, हे रबर पटकन ओढलं की फ्लेकला घट्ट धरतं आणि हळू सोललं की सोडून देतं, म्हणून ठेवताना घाई अजिबात नको, मायक्रोस्कोपमधनं बघत बघत सोलायचं, चिकटलेल्या भागाची कड फ्लेकवरनं सावकाश सरकताना दिसली पाहिजे. आणि आपली ही दमट हवा लय त्रास देते, चिपवर पाण्याचा पातळ थर बसतो, तो फ्लेकखाली अडकला की बुडबुडे आलेच. त्यामुळं चिप आधी हॉटप्लेटवर १०० डिग्रीच्या वर तापवून घे आणि लगेच वापर. वरचा सिलिकॉन ऑक्साइडचा थर ९० किंवा ३०० नॅनोमीटरच्या आसपास जाड असलेली चिप घे, त्यावर ग्राफीनचा एक थरसुद्धा नीट दिसतो.