बार्नकलच्या छायाचित्रातून अमूर्त डिजिटल चित्र कसे साकारावे

नाशिककरांना या कामासाठी घाट उतरावाच लागतो. त्र्यंबकेश्वर-जव्हारमार्गे डहाणूकडे जावे किंवा कोकणातला कोणताही खडकाळ किनारा गाठावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी बरेच मागे हटते, म्हणून तेच दिवस निवडावेत. कातळाला घट्ट चिकटलेली, शेंडा छाटलेल्या शंकूच्या आकाराची आणि अनवाणी पायाला टोचणारी जी पांढुरकी कवचे दिसतात, ती बार्नकलची. शिंपल्यांच्या जातीचा वाटला, तरी हा प्राणी खेकडा-कोळंबीच्या कुळातला आहे. त्याच्या कवचाभोवती बहुधा सहा पाती असतात आणि मधल्या तोंडावर झडपांच्या दोन जोड्या असतात, ज्या ओहोटीत मिटलेल्या राहतात. चित्राची सारी रचना याच भूमितीवर उभी राहते. कवचे खरवडून मात्र आणू नयेत; प्राणी जिवंत असतो.

छायाचित्र सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावे, कारण दुपारच्या उन्हात पातींवरील खाचा दिसेनाशा होतात. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक वस्तू टिपणारे भिंग) असल्यास छिद्रमान (अ‍ॅपर्चर) एफ ८ ते एफ ११ ठेवून कॅमेरा खडकाच्या पृष्ठभागाशी समांतर धरावा. मोबाइलला लावायच्या मॅक्रो लेन्सनेही काम भागते. ओल्या कवचावरची चमक पोलरायझर फिल्टरने कमी होते. चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये टिपावे आणि घरी परतल्यावर ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवावा.

संगणकावर गिम्प किंवा क्रिटा हे मोफत प्रोग्रॅम पुरेसे आहेत. प्रथम रंग काढून टाकावेत, म्हणजे आकारांची ताकद कळते, आणि एखाद-दुसरे कवच व त्याच्या लगतची पोकळी एवढाच भाग कापून घ्यावा. मग त्याच थराची (लेयरची) प्रत किंचित सरकवून वा फिरवून ‘डिफरन्स’ मोडमध्ये, म्हणजे दोन थरांतील फरक तेवढा दाखवणाऱ्या पद्धतीत, वर ठेवावी. जिथे दोन्ही थर जुळतात तिथे काळोख होतो आणि फक्त कडा उजळून उठतात. प्रत किती सरकवायची हे नजरेने ठरवावे, कारण थोड्याशा फरकाने संपूर्ण लय बदलते. कॅलिडोस्कोपचा परिणाम मी टाळतो. त्यातून कोणतेही छायाचित्र सतरंजीची नक्षी होऊन बसते आणि मूळ प्राण्याचा मागमूस उरत नाही.

रंग शेवटी भरावेत. लासलगावच्या बाजार समितीतील लाल कांद्याच्या ढिगाचे छायाचित्र घेऊन त्यातील जांभळा, गुलाबी आणि सालीचा तांबूस रंग आयड्रॉपरने (रंग टिपण्याच्या साधनाने) उचलावा आणि ग्रेडियंट मॅपद्वारे, म्हणजे गडद-फिक्या छटांना एकेक रंग नेमून देणाऱ्या सोयीने, राखाडी छटांवर बसवावा. किनाऱ्यावरील बार्नकलच्या काही जातींवर मुळातच जांभळट रेषा असतात, त्यामुळे ही रंगसंगती उपरी वाटत नाही. फाइल १६ बिटमध्ये ठेवल्यास छटांमध्ये पट्टे पडत नाहीत.

छपाईसाठी ३०० पीपीआय (दर इंचाला ३०० पिक्सेल) धरल्यास ६००० पिक्सेल रुंदीच्या चित्राची २० इंची प्रत निघते. कागद मॅट घ्यावा. चकचकीत कागदावर बारीक कडा प्रकाशात हरवतात.